चार शहरं, एक हायवे : कलबुर्गी हत्येचा तपास पुन्हा कसा उघडला

३० ऑगस्ट २०१५ चा रविवार. धारवाडच्या कल्याणनगरात सकाळी पावणेनऊच्या सुमारास मोटारसायकलवरून दोघं जण आले. एक गाडीवरच थांबला, दुसऱ्यानं डॉ. एम. एम. कलबुर्गी यांचं दार वाजवलं. दार त्यांच्या पत्नी उमादेवींनी उघडलं. धारवाडात प्राध्यापकाच्या घरी सकाळी एखादा विद्यार्थी येणं ही रोजचीच गोष्ट, त्यामुळं त्यांना वेगळं काही वाटलं नाही. त्यांनी पतीला हाक मारली. सर पुढं आले आणि समोरच्यानं जवळून कपाळावर गोळ्या झाडल्या. दवाखान्यात नेलं, पण उपयोग झाला नाही. ७६ वर्षांचा, कन्नड शिलालेख आणि वचनवाङ्मय यांवर आयुष्य घालवलेला माणूस स्वतःच्या घरात मारला गेला.

त्यानंतर जवळजवळ चार वर्षं या खुनात एकाही आरोपीवर दोषारोपपत्र नव्हतं. मग २०१९ मध्ये सुप्रीम कोर्टानं तपास दुसऱ्या पथकाकडं दिला आणि सहा महिन्यांच्या आत सहा जणांवर दोषारोपपत्र दाखल झालं. चार वर्षांत जे जमलं नाही ते सहा महिन्यांत कसं जमलं, हा प्रश्न बेळगाव, कोल्हापूर, सांगली, पुण्याच्या वाचकांनाही तितकाच लागू आहे. कारण धारवाडच्या फाइलमधले बरेच धागे राज्याच्या हद्दीपलीकडं जात होते.

कलबुर्गी कोण होते, हे मराठी वाचकांसाठी थोडक्यात. विजापूर जिल्ह्यातल्या सिंदगी तालुक्यात २८ नोव्हेंबर १९३८ ला जन्म. धारवाडच्या कर्नाटक विद्यापीठात कन्नडचे प्राध्यापक, पुढं हंपीच्या कन्नड विद्यापीठाचे कुलगुरू. 'मार्ग' या नावानं त्यांचे संशोधनलेख खंडांमध्ये प्रसिद्ध झाले, त्यातल्या चौथ्या खंडाला २००६ चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला. बसवण्णा आणि शरणांच्या इतिहासाबद्दल त्यांनी काढलेले काही निष्कर्ष त्यांच्याच समाजातल्या अनेकांना रुचले नव्हते. १९८९ मध्ये वाद इतका पेटला, की काही मजकूर त्यांना मागं घ्यावा लागला. जून २०१४ मध्ये बेंगळुरूच्या एका कार्यक्रमात मूर्तिपूजेबद्दल ते बोलले आणि पुन्हा वादळ उठलं. पोलीस संरक्षण मिळालं होतं, ते पुढं त्यांच्याच सांगण्यावरून काढून घेतलं गेलं.

पहिली चार वर्षं

खुनानंतर राज्य सरकारनं तपास कर्नाटक सीआयडीकडं दिला. सीबीआयकडं प्रकरण सोपवण्याची तयारीही सरकारनं दाखवली, पण ते झालं नाही. संशयितांची रेखाचित्रं निघाली. देशभर लेखकांनी पुरस्कार परत केले, धारवाडात मोर्चे निघाले. तपास मात्र जागचा हलेना.

यासाठी धारवाडच्या पोलिसांना दोष देणं सोपं आहे, पण त्यांच्या हातात होतं तरी काय, तेही पाहायला हवं. मारेकरी ओळखीचे नव्हते. भाऊबंदकी, पैसा, जमीन यातलं काहीच कारण नव्हतं. खुनाच्या तपासात पोलीस पहिल्यांदा मयताच्या आजूबाजूचा गोतावळा चाळतात, कारण बहुतेक खून ओळखीतूनच होतात. इथं मारणाऱ्याचा आणि मरणाऱ्याचा एकमेकांशी काही संबंधच नव्हता. मयताच्या फोनवर मारेकऱ्याचा नंबर नाही, घरच्यांना नाव माहीत नाही. हाती होता तो उमादेवींना दिसलेला चेहरा, आणि घरात सापडलेल्या पुंगळ्या.

पुंगळी काय सांगते

पुढचं सगळं कळण्यासाठी हे नीट समजून घेतलेलं बरं. पिस्तुलातून गोळी सुटते तेव्हा दोन प्रकारच्या खुणा राहतात. नळीतून घासत बाहेर पडताना गोळीवर बारीक ओरखडे उठतात. मागं पडणाऱ्या रिकाम्या पुंगळीच्या बुडावर पिस्तुलातल्या टोच्याचा, म्हणजे फायरिंग पिनचा ठसा उमटतो आणि ती जिथं मागं आदळते त्या भागाच्या खुणाही राहतात. प्रत्येक हत्याराची घडण थोडी वेगळी, त्यामुळं ठसाही वेगळा. दोन ठिकाणच्या पुंगळ्या एकाच सूक्ष्मदर्शकाखाली शेजारी ठेवल्या, की त्या एकाच हत्यारातल्या आहेत का हे तज्ज्ञ सांगू शकतो. गावठी कट्ट्याची घडण ओबडधोबड असते, तरी हेच तत्त्व लागू पडतं.

कलबुर्गींवर गोळ्या झाडल्या गेल्या त्या ७.६५ मिलिमीटरच्या गावठी पिस्तुलातून. सहा महिन्यांपूर्वी, १६ फेब्रुवारी २०१५ ला सकाळी कोल्हापूरच्या सागरमाळ भागात कॉम्रेड गोविंद पानसरे आणि उमाताई पानसरे फिरून परत येत असताना त्यांच्यावर गोळीबार झाला होता. पानसरे चार दिवसांनी, २० फेब्रुवारीला मुंबईत गेले. आणि त्याच्याही आधी, २० ऑगस्ट २०१३ ला पुण्यात ओंकारेश्वर मंदिराजवळच्या पुलावर डॉ. नरेंद्र दाभोलकर यांचा खून झाला होता. पद्धत सगळीकडं तीच. सकाळची वेळ, मोटारसायकल, दोघं जण, जवळून गोळीबार.

सीआयडीनं पुंगळ्यांची तुलना बेंगळुरूच्या न्यायवैद्यक प्रयोगशाळेत करून घेतली. निष्कर्ष असा आला, की पानसरेंवर दोन पिस्तुलं वापरली गेली. त्यातलं एक धारवाडच्या पुंगळ्यांशी जुळतं, दुसरं पुण्याच्या. म्हणजे तीन खून एका माळेत आले. पण मुंबईच्या प्रयोगशाळेचा अहवाल याच्याशी पुरता जुळत नव्हता. तेव्हा सीबीआयनं तिसरं मत घ्यायचं ठरवलं आणि थेट लंडनच्या स्कॉटलंड यार्डाचं नाव पुढं आलं. मुंबई उच्च न्यायालयात त्यावर तारखांमागून तारखा पडल्या. शेवटी दोन देशांमध्ये तसा करार नाही म्हणून ते बारगळलं आणि नमुने गुजरातच्या प्रयोगशाळेकडं गेले. यात मौल्यवान वेळ गेला, असं माझं मत आहे. अर्थात, वेळेत एकमत झालं असतं तरी आरोपी लगेच सापडला असता असं नाही. पुंगळी हत्याराची ओळख पटवते, हत्यार धरणाऱ्याचं नाव सांगत नाही.

बेंगळुरूत दोर सापडला

५ सप्टेंबर २०१७ च्या संध्याकाळी बेंगळुरूच्या राजराजेश्वरीनगरात पत्रकार गौरी लंकेश यांना घराच्या दारात गोळ्या घातल्या गेल्या. दुसऱ्याच दिवशी सरकारनं विशेष तपास पथक नेमलं. प्रमुख होते आयपीएस अधिकारी बी. के. सिंग, आणि तपास अधिकारी एम. एन. अनुचेत. पुंगळ्या प्रयोगशाळेत गेल्या आणि कलबुर्गींच्या प्रकरणातलंच ७.६५ चं पिस्तूल इथंही वापरल्याचं निष्पन्न झालं. दोन वर्षं झोपलेल्या धारवाडच्या फाइलला त्या दिवशी पुन्हा जाग आली म्हणायची.

एसआयटीचं काम सुरुवातीला तसं कूर्मगतीनंच चाललं होतं. फेब्रुवारी २०१८ मध्ये शस्त्राच्या एका प्रकरणात एक जण हाती लागला. त्याच्या फोनवरच्या बोलण्यावरून म्हैसूरच्या आणखी एका लेखकाला मारण्याचा कट शिजत असल्याचा संशय आला. पोलिसांनी घाई न करता माग काढला. मे महिन्यात दावणगेरेत काही जण पकडले गेले आणि त्यांच्याकडं एक डायरी सापडली. डायरीत खरी नावं नव्हती, टोपणनावं होती. फोन नंबरही सरळ लिहिलेले नव्हते, सांकेतिक पद्धतीनं मांडलेले. एसआयटीच्या म्हणण्याप्रमाणं या टोळीतली माणसं साधे फोन वापरत, एका फोनवरून एकाशीच बोलत आणि कॉइन बॉक्सवरून संपर्क करत. एकाला दुसऱ्याचं खरं नाव ठाऊक नसे. पकडला गेला तरी तो फार काही सांगू शकणार नाही, अशी ती रचना होती.

ही डायरी उलगडण्यातच पथकाचं खरं कसब होतं. जूनमध्ये सिंदगीचा एक तरुण गौरी लंकेश यांच्यावर गोळी झाडल्याच्या आरोपाखाली पकडला गेला. (सिंदगी म्हणजे कलबुर्गींचाच तालुका, हा निव्वळ योगायोग.) जुलैमध्ये हुबळीतले दोघं. ऑगस्टमध्ये बेळगाव जिल्ह्यात अटक झाली आणि खानापूर तालुक्यातल्या जंगलालगत पिस्तूल चालवण्याचा सराव झाल्याचं पथकानं सांगितलं. त्या वेळी आपल्याकडं बसथांब्यापासून चहाच्या टपरीपर्यंत हीच चर्चा होती. ज्या वाटेनं आपण जांबोटीला फिरायला जातो, त्या भागात हे चालायचं?

कर्नाटक पथकाकडून मिळालेल्या माहितीवरून महाराष्ट्र एटीएसनं ऑगस्ट २०१८ मध्ये नालासोपाऱ्यात छापा घातला. स्फोटकं आणि शस्त्रं सापडली. त्या अटकेतून सीबीआय दाभोलकर प्रकरणातल्या दोन संशयितांपर्यंत पोचली. म्हणजे बेंगळुरूतल्या खुनाचा तपास दावणगेरेत फुटला, त्यानं नालासोपारा दाखवलं आणि नालासोपाऱ्यानं पुण्याचा पाच वर्षं जुना खून.

नकाशावर बोट ठेवून पाहा. पुणे, कोल्हापूर, धारवाड, बेंगळुरू. चारही खून ज्या शहरांत झाले ती जुन्या राष्ट्रीय महामार्ग ४ वरची आहेत. बेळगाव, हुबळी, दावणगेरेही त्याच रस्त्यावर. रात्रीची बस पकडली, की माणूस सकाळी दुसऱ्या राज्यात. फाइल मात्र हद्दीवर थांबते. कोल्हापूरचा पंचनामा मराठीत, धारवाडचा कन्नडमध्ये. एकानं दुसऱ्याकडं कागद मागायचा तर पत्रव्यवहार, भाषांतर, वरिष्ठांची परवानगी. सीमाभागातल्या माणसाला 'हद्द' म्हटलं, की वेगळाच वाद आठवतो. पण पोलिसांची हद्दही तितकीच चिवट असते. पुण्यात सीबीआय, कोल्हापुरात महाराष्ट्राची एसआयटी, धारवाडात कर्नाटक सीआयडी, बेंगळुरूत कर्नाटकचीच दुसरी एसआयटी. चार खुनांसाठी चार पथकं होती.

उमादेवींचा अर्ज

हे सगळं एका पथकाखाली यावं ही मागणी पोलिसांकडून आली नाही. ती आली ज्यांनी दार उघडलं होतं त्यांच्याकडून. उमादेवी कलबुर्गी २०१७ च्या अखेरीस सुप्रीम कोर्टात गेल्या. पतीच्या, दाभोलकरांच्या आणि पानसरेंच्या खुनात साम्य आहे, तेव्हा स्वतंत्र चौकशी व्हावी, असं त्यांचं म्हणणं होतं. जानेवारी २०१८ मध्ये कोर्टानं एनआयए, सीबीआय आणि कर्नाटक, महाराष्ट्र, गोवा या राज्यांना नोटिसा काढल्या. नोव्हेंबरमध्ये कर्नाटक सरकारला तपासाच्या संथपणावरून कोर्टाचे खडे बोल ऐकावे लागले.

२६ फेब्रुवारी २०१९ ला न्यायमूर्ती रोहिंटन नरिमन यांच्या खंडपीठानं कलबुर्गी प्रकरण गौरी लंकेश यांच्या तपास पथकाकडं सोपवलं. देखरेख कर्नाटक उच्च न्यायालयाच्या धारवाड खंडपीठाची. यातला दुसरा भाग अनेकांच्या लक्षात येत नाही. जिथं खून झाला त्याच गावातल्या उच्च न्यायालयासमोर पथकाला वेळोवेळी प्रगती सांगावी लागणार होती. फाइल पुन्हा कपाटात जाणं त्यामुळं अवघड झालं.

१७ ऑगस्ट २०१९ ला धारवाडच्या न्यायालयात सहा जणांवर दोषारोपपत्र दाखल झालं. त्यातले काही गौरी लंकेश प्रकरणात आधीच तुरुंगात होते. दोषारोपपत्राप्रमाणं खुनाचं कारण ९ जून २०१४ चं बेंगळुरूतलं भाषण. तयारीची बोलणी हुबळीत झाली, पिस्तुलाचा सराव दक्षिण कन्नडमधल्या एका रबराच्या मळ्यात झाला, आणि वापरलेली मोटारसायकल चोरीची होती. मारेकरी म्हणून हुबळीच्या एकाचं आणि गाडी चालवणारा म्हणून बेळगावच्या एकाचं नाव आहे. दोषारोपपत्र दाखल होण्याआधी झालेल्या ओळख परेडीत उमादेवींनी एकाला ओळखल्याच्या बातम्या तेव्हा आल्या होत्या. या टोळीला नाव नव्हतं असं पथक म्हणतं. 'क्षात्रधर्म साधना' या पुस्तकाचा उल्लेख दोषारोपपत्रात आहे. ते पुस्तक सनातन संस्थेचं. संस्थेनं या खुनांशी संबंध असल्याचं वेळोवेळी नाकारलं आहे. वर लिहिलेलं सगळं हे तपास पथकाचं म्हणणं आहे. ते धारवाडच्या कोर्टात शाबीत व्हायचं आहे, आणि तोपर्यंत ते आरोपीच आहेत, म्हणून त्यांची नावं इथं दिलेली नाहीत.

आता सुरुवातीचा प्रश्न. सहा महिन्यांत हे जमलं ते नवीन पथक जास्त हुशार होतं म्हणून नव्हे. त्यांनी धारवाडपासून सुरुवातच केली नाही. धारवाडच्या पोलिसांकडं पुंगळी होती, माणूस नव्हता. या पथकाकडं माणसं आधीच होती, आणि त्यांच्या हातातलं पिस्तूल कुठं कुठं गेलं होतं एवढंच त्यांना मागं मागं जाऊन पाहायचं होतं.

पुण्यानं दाखवलेला धोका

पुन्हा तपास केला, की सगळं सुरळीत होतं असं नाही. दाभोलकर प्रकरण याचा धडा आहे. पुणे पोलिसांनी पहिल्यांदा शस्त्रांच्या व्यवहारातल्या दोघांना पकडलं. त्यांच्यावर दोषारोपपत्रच वेळेत दाखल झालं नाही, ते जामिनावर सुटले. मे २०१४ मध्ये मुंबई उच्च न्यायालयानं तपास सीबीआयकडं दिला. सीबीआयनं २०१६ मध्ये दोषारोपपत्र दाखल केलं तेव्हा गोळ्या झाडणारे म्हणून दोन वेगळीच, फरार असलेली नावं होती. २०१८ मध्ये नालासोपाऱ्यानंतर ती मांडणी बदलली आणि सचिन अंदुरे व शरद कळसकर हे मारेकरी असं सीबीआयनं सांगितलं. आधी ते, मग हे, असं झालं, की बचाव पक्षाच्या वकिलाला आयतं कोलीत मिळतं. तुम्ही कालपर्यंत दुसऱ्याचं नाव घेत होता, आज हा खुनी कसा? हा प्रश्न कोर्टात विचारला जाणारच, आणि तो चुकीचाही नाही.

हत्याराचंही तसंच. पिस्तुलाचे भाग सुटे करून खाडीत टाकले, असं तपासात पुढं आलं. त्यावर सीबीआयनं परदेशी पाणबुड्यांची मदत घेऊन ठाण्याजवळच्या खाडीत शोध घेतला. म्हणजे एका वाक्याची खातरजमा करायला खाडीचा गाळ उपसायची पाळी.

१० मे २०२४ ला पुण्याच्या विशेष न्यायालयानं अंदुरे आणि कळसकर यांना जन्मठेप दिली. उरलेले तिघं निर्दोष सुटले, आणि तपासातल्या त्रुटींवर कोर्टानं बोट ठेवलं. शिक्षा झाली ती मुख्यतः प्रत्यक्ष पाहणाऱ्यांच्या साक्षीवर. त्यात पुलावर काम करणारा महापालिकेचा एक सफाई कामगार होता, त्यानं दोघांना कोर्टात ओळखलं. साडेआठ वर्षांपूर्वी काही सेकंद पाहिलेले चेहरे त्यानं ओळखले. कट कोणी रचला, याबाबत मात्र कोर्टासमोर पुरेसा पुरावा आला नाही. शिक्षा झालेल्या दोघांपैकी कळसकरचं नाव धारवाडच्या दोषारोपपत्रातही आहे.

कोल्हापूरची गत आणखी वेगळी. पानसरे प्रकरणात पहिली अटक सप्टेंबर २०१५ मध्ये सांगलीतून झाली. ऑगस्ट २०२२ मध्ये तपास एटीएसकडं गेला. जानेवारी २०२३ मध्ये आरोप निश्चित झाले. जानेवारी २०२५ मध्ये उच्च न्यायालयानं तपासावरची देखरेख थांबवली आणि त्याच महिन्यात दीर्घकाळ तुरुंगात असलेल्या सहा आरोपींना जामीन दिला.

धारवाडची दुसरी फाइल

कलबुर्गींच्या खुनानंतर दहा महिन्यांच्या आत, १५ जून २०१६ ला जिल्हा पंचायत सदस्य योगेश गौडा यांचा धारवाडात त्यांच्या जिममध्ये खून झाला. इथं आरोपी सापडले नाहीत असं नव्हतं. स्थानिक पोलिसांनी जमिनीच्या वादातून खून अशी मांडणी करून दोषारोपपत्रही दाखल केलं, खटला सुरू झाला. घरच्यांना ते पटलं नाही. सप्टेंबर २०१९ मध्ये सरकार बदलल्यावर तपास सीबीआयकडं गेला आणि राजकीय वैमनस्यातून कट झाल्याचं सीबीआयनं म्हटलं. माजी मंत्री विनय कुलकर्णी यांना नोव्हेंबर २०२० मध्ये अटक झाली. त्यांनी आरोप नाकारले. ऑगस्ट २०२१ मध्ये सुप्रीम कोर्टानं धारवाडला न जाण्याच्या अटीवर जामीन दिला, आणि साक्षीदारांशी संपर्क साधल्याच्या कारणावरून जून २०२५ मध्ये तो रद्द केला.

एकाच गावातल्या या दोन फायली पुन्हा उघडल्या त्या अगदी उलट कारणांनी. एकीत आरोपीच नव्हता. दुसरीत आरोपी होते, पण खरे तेच का, हा प्रश्न होता. आणि दोन्हीकडं तपास हलला तो स्थानिक पोलीस ठाण्याच्या बाहेरून.

आपली फाइल बंद झाली असेल तर

कलबुर्गी हे नाव मोठं, म्हणून देशानं आवाज केला. सीमाभागात अशी कितीतरी साधी घरं असतील, ज्यांच्या माणसाच्या खुनाचा छडा लागला नाही आणि पोलिसांनी 'शोध चालू आहे' एवढंच सांगितलं. त्यांच्यासाठी कायद्यातल्या काही गोष्टी.

शोध न लागलेल्या गुन्ह्याचा अहवाल पोलीस कोर्टाला देतात. कर्नाटकात त्याला 'सी रिपोर्ट' म्हणतात. गुन्हा खोटा निघाला तर 'बी रिपोर्ट'. महाराष्ट्रात शोध न लागलेल्या खऱ्या गुन्ह्याला 'अ समरी' म्हणतात, खोट्या तक्रारीला 'ब समरी', आणि 'क समरी' म्हणजे ना धड खरा ना खोटा, गैरसमजातून किंवा दिवाणी स्वरूपाचा. म्हणजे निपाणीचा 'सी' आणि कागलचा 'क' यांचा अर्थ एक नाही. नातेवाईक एका राज्यात आणि गुन्हा दुसऱ्या राज्यात असेल, तर कागदावर नेमकं काय लिहिलंय ते आधी वकिलाला दाखवा.

असा अहवाल कोर्टात आला, की फिर्यादीला त्याची नोटीस मिळून म्हणणं मांडण्याची संधी मिळायला हवी, हे सुप्रीम कोर्टानं १९८५ मध्येच सांगितलं आहे. तिथं हरकत घेता येते. न्यायदंडाधिकारी अहवाल नाकारून पुढील तपासाचा आदेश देऊ शकतात. शिवाय 'सी' किंवा 'अ' म्हणजे प्रकरण कायमचं संपलं असंही नाही. खुनाला मुदतीची अडचण येत नाही. वीस वर्षांनी पुरावा मिळाला तरी गुन्हा जिवंतच असतो. जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम १७३(८) खाली पोलीस पुढील तपास करू शकत. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेत हीच तरतूद कलम १९३(९) मध्ये आहे. खटला सुरू झालेला असेल तर कोर्टाची परवानगी घ्यावी लागते आणि तो पुढील तपास ९० दिवसांत संपवायचा असतो, मुदत कोर्ट वाढवू शकतं.

'पुढील तपास' आणि 'फेरतपास' यांत फरक आहे. पुढील तपासात आधीचं सगळं रेकॉर्डवर राहतं, नवं त्यात भर घालतं. फेरतपास म्हणजे नव्यानं सुरुवात. तसा आदेश साधारणपणे वरिष्ठ न्यायालयंच देतात, तोही क्वचित.

आणि एक व्यवहाराची गोष्ट. कोर्टातले अर्ज नंतरचे, आधी मुद्देमाल जागेवर आहे का हे पाहावं लागतं. रक्ताचे कपडे, पुंगळ्या, काडतुसं सीलबंद आणि नोंदीसह राहिली नाहीत, तर नवं पथक येऊन काय करणार? कलबुर्गींच्या घरातल्या पुंगळ्या दोन वर्षांनी बेंगळुरूच्या पुंगळ्यांशेजारी ठेवता आल्या, त्या धारवाडात कुणीतरी नीट उचलून, नीट नोंदवून ठेवल्या होत्या म्हणूनच. त्या कर्मचाऱ्याचं नाव कुठल्या बातमीत आलं नाही.

डिसेंबर २०२३ मध्ये कर्नाटकचे मुख्यमंत्री सिद्धरामय्या यांनी गौरी लंकेश आणि कलबुर्गी या दोन्ही खटल्यांसाठी विशेष न्यायालय नेमण्याची पावलं उचलायला सांगितलं. मागणी उमादेवी आणि गौरींच्या बहीण कविता लंकेश यांची होती. ३० ऑगस्ट २०२५ ला कल्याणनगरातल्या त्या सकाळीला दहा वर्षं झाली, तेव्हाही धारवाडच्या न्यायालयात खटला चालूच होता.